घंट्यांचा विमा

सायकलच्या घंटीची वाटी पोलादी पत्र्यातून एका दाबात निघते, पण ती चांगली निघाली की नाही हे डोळ्यांना कळत नाही. ते कानांना कळतं. त्या कारखान्यात हे कान आधी मालकांचे होते. वाटी बोटाच्या टोकावर तोलायची, लाकडी दांडीने हलकी टिचकी मारायची, नाद लांबत गेला तर उजव्या पेटीत, मध्येच बसला तर डाव्या. तीस वर्षं मालकांनी हेच केलं, आणि प्रेस मशीनच्या धडधडाटाशेजारी बसून केलं. ज्या कानांनी घर उभं केलं, ते कान असे हळूहळू खर्ची पडले. आधी बारीक आवाज गेले, मग जाडे. शेवटी मालकांना स्वतःचाही आवाज कमी ऐकू येऊ लागला आणि ते कुजबुजले तरी रस्त्यापलीकडच्या न्हाव्याला त्यांच्या घरात आज भाजी कसली आहे ते कळू लागलं.

तेव्हापासून नादाची पारख वहिनींकडे आली. वहिनी म्हणजे मालकांची बायको. कारखान्याचे मिस्त्री मालकांना दादा म्हणत, म्हणून त्या मिस्त्रींच्या वहिनी झाल्या, आणि मिस्त्रींच्या मागोमाग बाकीच्या अठरा कामगारांच्या, बँकेतल्या कारकुनाच्या आणि टपालवाल्याच्याही. पारखीच्या पाठोपाठ पत्रं आली, पत्रांच्या पाठोपाठ फोन, आणि पन्नाशी उलटायच्या आत सगळा कारखाना त्यांच्या अंगावर येऊन पडला. त्यांनी तक्रार केली नाही. मालक प्रेसवर पत्रा लावायचे, वहिनी बाकी सगळं करायच्या, आणि दोघांचं बरं चाललं होतं.

त्यांचा निम्म्याहून अधिक माल समुद्रापलीकडे एकाच माणसाकडे जायचा. हा सायकलच्या सुट्या भागांचा म्हातारा व्यापारी. कारखान्यात सगळे त्याला काका म्हणत. अठरा वर्षांत त्याने एकदाही पैशांसाठी आठवण करून द्यायला लावली नव्हती. एकदा तो स्वतः कारखाना बघायला आला होता. दोन तास वहिनींच्या बाकाशेजारी डोळे मिटून उभा राहिला आणि मग डाव्या पेटीतून, म्हणजे नाकारलेल्या मालातून, तीन वाट्या काढून म्हणाला, "यांच्यावर अन्याय झालाय." वहिनींनी पुन्हा वाजवून पाहिल्या. झाला होता. त्या दिवसापासून त्यांना या माणसाबद्दल जे वाटायचं, ते गिऱ्हाइकाबद्दल वाटतं त्याहून खूप जास्त होतं. जाताना काका त्यांच्या भाषेतला एकच शब्द शिकून गेला. फोनवर तो बाकी सगळं आपल्या बोलीत बोलायचा, जी वहिनींना इतक्या वर्षांत समजू लागली होती, पण सुरुवात मात्र "वहिनी" अशी करायचा.

पूर्वी माल निघाला की पैसे यायचे. मग एका वर्षी काकाने नव्वद दिवसांची उधारी मागितली. त्याचा माल सायकलच्या दुकानांची एक मोठी साखळी घ्यायची, आणि ती साखळीच त्याला उशिरा पैसे देऊ लागली होती. वहिनींनी हो म्हटलं. पण उधारीवर माल पाठवायचा तर मधल्या तीन महिन्यांसाठी बँकेचं कर्ज लागणार होतं, आणि बँकेचा साहेब म्हणाला, "देतो, पण आधी सरकारी निर्यात विमा काढा. परदेशातल्या गिऱ्हाइकाचं दिवाळं वाजलं, तर सरकारची विमा कंपनी शंभरातले नव्वद रुपये भरून देते. तेवढा कागद असला की माझाही जीव भांड्यात."

विम्याचं कार्यालय टपाल कचेरीच्या वर, तिसऱ्या मजल्यावर होतं. लिफ्ट होती, पण तिच्यावरची 'बंद आहे' ही पाटी इतकी जुनी झाली होती, की पाटीलाच गंज चढला होता. वर एका लांब खोलीत, खिडकीपाशी, एक सडपातळ बाई बसल्या होत्या. नाकाच्या शेंड्यावर चष्मा, हातात लाकडी पट्टी, आणि कॅलेंडरच्या ओळीखाली ती पट्टी धरून त्या बोलायच्या. माल कोणत्या तारखेला निघाला, पैसे कोणत्या तारखेला येणार, तारीख उलटल्यावर कितव्या दिवशी कळवायचं. अर्ध्या तासात त्यांनी तारखांशिवाय दुसरं काही विचारलं नाही. जिना उतरताना मालकांनी त्यांचं नाव तारीखताई ठेवलं. ते त्यांनी हळू आवाजात ठेवलं, म्हणजे तारीखताईंना वर स्पष्ट ऐकू गेलं.

मालकांना हा विमा मुळीच आवडला नव्हता. कार्यालयातच त्यांनी ते बोलून दाखवलं. "अहो, तो देवमाणूस आहे. त्याच्यावर विमा उतरवायचा म्हणजे त्याच्या पाठीमागे त्याचं वाईट चिंतायचं. आणि सरकार पैसे देतं हे मी आजवर ऐकलेलं नाही. घेतं, ते ऐकलंय."

सगळ्या टेबलांवरची पेनं थांबली. तारीखताईंनी एक चिठ्ठी घेतली, तिच्यावर मोठ्या अक्षरात काहीतरी लिहिलं आणि ती मालकांपुढे सरकवली. मालकांनी वाचलं: छत्री घेतली म्हणून पाऊस रागावत नाही. ते हसले, सही केली, पण घरी आल्यावर दर महिन्याचा हप्ता भरताना कुरकुर चालूच राहिली. शिवाय नुसता हप्ता पुरायचा नाही. महिन्यात कोणता माल कुणाला पाठवला, याचं पत्रक दर महिन्याच्या दहा तारखेपर्यंत त्या कार्यालयात पोचवावं लागे. ते पत्रक वहिनी लिहायच्या आणि नेऊन द्यायचं काम मालकांचं असायचं, कारण तीन जिने चढायला त्यांचे पाय चांगले होते.

दोन वर्षं सुरळीत गेली. तिसऱ्या वर्षी काकाने एकामागून एक तीन मोठ्या ऑर्डरी दिल्या. पहिला माल गेला, महिन्याभराने दुसरा गेला. कारखाना दोन पाळ्यांत चालवून तिसरा माल जहाजावर चढवला, तेव्हा पहिल्याच्या पैशांची तारीख उलटून आठवडा झाला होता. अठरा वर्षांत पहिल्यांदा.

मग फोन आला.

"वहिनी," काका म्हणाला, "दुकानांच्या साखळीने माझे पैसे अडकवलेत. मला दोन महिने द्या. आणि एक मागणं आहे. तुमच्या विमेवाल्यांना कळवू नका. एकदा माझं नाव त्यांच्या वहीत लाल शाईने लिहिलं गेलं, की मला उधारीवर माल देणारे सगळे एका दिवसात पाठ फिरवतील. मग मी खरंच बुडेन."

वहिनींनी "बघते" एवढंच म्हटलं आणि फोन ठेवला.

मालकांना त्यांनी पाटीवर लिहून सगळं सांगितलं. मालक लगेच म्हणाले, "यात बघायचंय काय? शब्द देऊन टाक. अठरा वर्षं त्याने आपल्याला एक दिवस ताटकळत ठेवलं नाही, आपण त्याच्यासाठी दोन महिने तोंड बंद ठेवू शकत नाही?"

मिस्त्री तिथेच मशीनला तेल घालत होते. मालक बोलले म्हणजे ते अर्थातच सगळ्यांना कळलं. मिस्त्रींनी तेलाची कुपी खाली ठेवली आणि म्हणाले, "दादांचं खरं आहे. पण वहिनी, एक विचारू? नाही कळवलं आणि पैसे नाही आले, तर विमा मिळतो का?"

"नाही. तारीख उलटल्यापासून तीस दिवसांत कळवलंच पाहिजे."

"मग आम्हा एकोणीस जणांचं काय, ते तेवढं मनात असू द्या." मिस्त्रींनी कुपी उचलली आणि पुन्हा तेल घालू लागले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. वहिनींना तेच जास्त लागलं.

तीस दिवसांतले सव्वीस दिवस वहिनींनी काहीच केलं नाही. त्या वाट्या वाजवत बसायच्या आणि चांगल्या वाट्याही डाव्या पेटीत जायच्या. एकीकडे माणूस होता, दुसरीकडे माणसंच होती, आणि दोन्हीकडे आपलीच. सत्ताविसाव्या दिवशी त्या तीन जिने चढून तारीखताईंच्या समोर बसल्या.

"मी सहज विचारते हं," त्यांनी सुरुवात केली. "समजा एखाद्याचं गिऱ्हाईक जुनं आहे. चांगलं आहे. आणि समजा थोडा उशीर झाला..."

तारीखताईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बाई, ताकाला येऊन भांडं कशाला लपवता? पहिल्या मालाची तारीख माझ्याकडे लिहिलेली आहे. गेले पंधरा दिवस मी तुमचीच वाट बघतेय."

वहिनींनी मग सगळं सांगितलं. काकाची विनवणीही सांगितली.

तारीखताईंनी पुरतं ऐकून घेतलं. मग त्या म्हणाल्या, "आमची वही चौकात टांगलेली नसते. तुम्ही कळवलंत की आम्ही त्यांना पत्र लिहू. हिशोब मागू. तगण्यासारखे असतील तर मुदत वाढवून देऊ, तसं कितीदा केलंय. तगण्यासारखे नसतील, तर अजून चार जणांचा माल त्यांच्याकडे जाऊन बुडण्याआधी ते कळलेलं बरं. त्यांच्यासाठीही बरं, कारण तेवढं कमी देणं त्यांच्या डोक्यावर राहील. पण निर्णय तुमचा. मी फॉर्म इथे ठेवते. तीन दिवस आहेत."

वहिनींनी फॉर्म घेतला, पण भरला नाही. आधी घरी येऊन काकाला फोन लावला. "काका, मी उद्या विमेवाल्यांना कळवणार आहे," त्या म्हणाल्या. "तुमच्यापाठी कळवलं असं व्हायला नको, म्हणून आधी तुम्हाला सांगते. माझ्याकडे एकोणीस घरं आहेत."

पलीकडून काकाने फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फॉर्म दिला. मालक दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत, आणि ज्या घरातलं बोलणं न्हाव्यापर्यंत पोचायचं, त्या घरातली शांतताही पोचली. तिसऱ्या दिवशी न्हावी स्वतः येऊन विचारून गेला, की मालकांची तब्येत बरी आहे ना.

पाच आठवड्यांनी बातमी आली. सायकलच्या दुकानांच्या त्या साखळीला टाळं लागलं होतं आणि तिच्याबरोबर काकाचा व्यापारही कोसळला होता. काकाने कोर्टात जाऊन दिवाळं जाहीर केलं. बातमी तारीखताईंनी फोनवर सांगितली आणि वहिनींना हळहळ करायला वेळ न देता लगेच विचारलं, "तुमचा तिसरा माल कुठे आहे?"

"परवा तिथल्या बंदरात उतरला असेल."

"मालाचे कागद?"

"तिथल्या बँकेत. काकांनी सही करून सोडवले नसतील अजून."

"मग तो माल अजून तुमचा आहे. आत्ताच्या आत्ता बँकेला कळवा, की कागद कुणालाही द्यायचे नाहीत. मी तुम्हाला मजकूर सांगते, लिहून घ्या. आणि दुसरं गिऱ्हाईक शोधू. बंदरात माल पडून राहिला तर भाडं चढत जाईल."

माल वाचला, पण बंदरात दहा हजार घंट्या विकायच्या कुणाला? वहिनींना त्या देशात एक काका सोडून कोणी माहीत नव्हतं. तारीखताईंनी चार दिवस त्यांच्या जुन्या कागदांतून नावं शोधून फोन लावले. एकाला घंट्या नको होत्या, एकाला फुकट हव्या होत्या.

पाचव्या दिवशी सकाळी फोन वाजला. "वहिनी," पलीकडून आवाज आला.

वहिनींना बसायला स्टूलही सापडेना. त्या उभ्याच राहिल्या.

"बंदरामागच्या दुसऱ्या गल्लीत एक जण सायकली जोडतो," काका म्हणाला. "लहान माणूस आहे, पण रोख देतो. मी काल त्याच्याकडे जाऊन आलो. माझ्याकडे नमुन्याची एक घंटी होती, ती वाजवून दाखवली. भाव थोडा कमी करा, तो सगळा माल उचलेल. नाव, नंबर लिहून घ्या."

वहिनींनी लिहून घेतलं. आकडे दोनदा विचारून पक्के केले. मग त्या म्हणाल्या, "काका, तुम्ही माझ्यावर रागावला होतात."

"तीन दिवस रागावलो होतो," काका म्हणाला. "मग घेणेकरी दारात येऊ लागले. मी ज्यांना ज्यांना गप्प राहायला सांगितलं होतं ना, आणि जे माझ्या शब्दाखातर गप्प राहिले, ते सगळे. एक दोर वळणारा आहे, मुलीचं शिक्षण अडलंय त्याचं. एक जण नुसता येऊन पायरीवर बसून राहतो, काही बोलत नाही. रोज त्यांची तोंडं बघतो तेव्हा वाटतं, निदान वहिनी यांच्यात नाही. निदान ते एक पाप माझ्या माथ्यावर नाही. तुम्ही ऐकलं नाहीत, ते बरं केलंत."

फोन ठेवल्यावर त्यांनी मालकांना हे बोलणं जसंच्या तसं पाटीवर लिहून दाखवलं. तीन वेळा पाटी पुसावी लागली. मालकांनी तिसऱ्यांदा वाचलं, मग पाटी गुडघ्यावर ठेवली.

"मी तुला शब्द देऊन टाक म्हणालो होतो," ते म्हणाले. त्या एका दिवशी त्यांचा आवाज खरोखर हळू होता.

सायकली जोडणाऱ्याने माल उचलला, रोख पैसे आले आणि दोन महिन्यांचे पगार निघाले. आता राहिला दावा. पहिल्या दोन मालांचे पैसे विमा कंपनीकडून यायचे होते. वहिनींनी सगळे कागद नीट लावले आणि मालकांना बरोबर घेऊन त्या तिसऱ्या मजल्यावर गेल्या. तारीखताईंनी पट्टी धरून एकेक ओळ तपासली. दुसऱ्या मालापाशी पट्टी थांबली.

"याचं महिन्याचं पत्रक आमच्याकडे एकवीस तारखेला आलंय. अकरा दिवस उशिरा. उशिरा का?"

वहिनी गोंधळल्या. "मी तर आठ तारखेलाच लिहून दिलं होतं."

मालकांनी दोघींच्या तोंडांकडे पाहिलं, मग कागदावरच्या त्या तारखेवर पट्टी आहे हे पाहिलं आणि त्यांना सगळं कळलं. "माझ्या कोटाच्या खिशात होतं," ते म्हणाले. अख्ख्या कार्यालयाने ऐकलं. "हिने दिलं होतं वेळेवर. मलाच यायचा कंटाळा आला. मनात म्हटलं, सरकार काय देणार आहे आपल्याला, जाऊ सावकाश. माझी चूक आहे. काय कापायचं ते माझ्या नावाने कापा, हिला बोलू नका."

आता ही गोष्ट सोपी नव्हती. नियमाने उशिरा आलेलं पत्रक नाकारता येत होतं, आणि मग दुसऱ्या मालाचा एक पैसाही मिळाला नसता. तारीखताईंनी पट्टी बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "सूट द्यायचा अधिकार मला नाही. जे घडलं ते खरं लिहून वर पाठवायचा आहे. पत्रक उशिरा आलं, पण गिऱ्हाईक अडचणीत आहे हे कुणालाही कळण्याच्या कितीतरी आधी आलं, हे तारखांवरून दाखवता येईल. त्यासाठी मला तुमच्या कारखान्यातल्या वह्या बघाव्या लागतील. सोमवारी येते."

सोमवारी त्या आल्या, आणि चालत आल्या, कारण गाडीभाडं मंजूर करून घ्यायला आठ दिवस लागतात, असं त्या म्हणाल्या. मिस्त्रींनी सकाळपासून फरशी दोनदा धुऊन घेतली होती. तारीखताईंनी माल निघाल्याच्या नोंदी पाहिल्या, पगाराची वही पाहिली, जहाजाच्या पावत्या ताडून पाहिल्या, आणि चहा घेतला पण त्याबरोबरचं काही खाल्लं नाही. काम संपल्यावर त्या वहिनींच्या बाकापाशी येऊन उभ्या राहिल्या.

"या सगळ्यांचा आवाज वेगळा असतो?" त्यांनी विचारलं.

"थोडाथोडा. एका आईच्या लेकरांसारखा," वहिनी म्हणाल्या. "ताई, एक घेऊन जा ना. आमची आठवण म्हणून."

"भेट घेता येत नाही मला." तारीखताईंनी पेटीतली एक वाटी हातात घेतली. पहिल्यांदाच त्या स्वतःबद्दल काहीतरी बोलणार आहेत, असं वहिनींना वाटलं. "पण विकत मिळेल का एक? माझी आई अंथरुणाला खिळून आहे. अंगावरून वारं गेल्यापासून तिला हाक मारता येत नाही. बोटं मात्र हलतात. उशाशी लावून ठेवली असती."

वहिनींनी उजव्या पेटीतल्या चाळीस-पन्नास वाट्या वाजवल्या. झोपेतून उठवताना दचकवणार नाही आणि स्वयंपाकघरापर्यंत मात्र पोचेल, असा नाद त्या शोधत होत्या. सापडल्यावर मिस्त्रींनी तिला सगळ्यांत हलका खटका बसवला, स्प्रिंग ढिली केली, आजारी माणसाच्या बोटाला जड जाऊ नये म्हणून तीनदा करून पाहिली. तारीखताईंनी पर्समधून पैसे काढले आणि पावती मागितली. मालकांनी पावती लिहिली. आयुष्यात एवढ्या सुवाच्य अक्षरात त्यांनी काही लिहिलं नव्हतं.

सात आठवड्यांनी दावा मंजूर होऊन आला. पहिल्या मालाचे शंभरातले नव्वद. दुसऱ्यातून उशिराबद्दल थोडा दंड कापून बाकीचे. बँकेचं कर्ज फिटलं, पत्र्याच्या गुंडाळ्या आल्या, आणि एकाही माणसाला घरी बसवावं लागलं नाही. निकेलचा मुलामा देणाऱ्या भट्टीपाशी उभं राहून मिस्त्रींनी सगळ्यांना ही बातमी सांगितली. टाळ्या वगैरे कुणी वाजवल्या नाहीत. एक म्हातारा पॉलिशवाला तेवढा नळावर जाऊन खूप वेळ तोंड धूत राहिला.

वहिनी आणि मालक दोघं आभार मानायला गेले. तारीखताई दुसऱ्याच कुणाच्या कागदावर पट्टी धरून बसल्या होत्या.

"आईला घंटी चालते का?" वहिनींनी आधी हेच विचारलं.

"चालते म्हणजे काय, दिवसभर चालते," तारीखताई म्हणाल्या. "आता मला कामं सांगायची तिला गोडी लागली आहे. काल नुसतं खिडकी उघड, खिडकी लाव. तीन वर्षांनी माझ्यावर रागावली ती. फार बरं वाटलं."

"ताई, तुमचे उपकार..."

"माझे नाहीत. मला पगार मिळतो." त्यांनी समोरच्या कपाटाकडे पट्टी दाखवली. कपाटात फाइलींचे गठ्ठे छतापर्यंत गेले होते. "पैसे यांचे आहेत. कुणी काचेच्या बरण्या पाठवतं, कुणी दोरखंड, कुणी चामड्याचे पट्टे. सगळे दर महिन्याला थोडे थोडे भरतात, आणि कमी पडलं तर मागे सरकार उभं असतं. यातल्या बहुतेकांचं कधीच काही बुडत नाही. ते भरतात, म्हणून तुमचं भागलं."

वहिनी त्या गठ्ठ्यांकडे बघत राहिल्या. इतकी माणसं. एकाचीही ओळख नाही, आणि त्यांनी एकोणीस चुली पेटत्या ठेवल्या होत्या. त्यांच्यातल्या कुणाला हे कळणारही नव्हतं. आपण दोन वर्षं जो हप्ता कुरकुरत भरला, तोही असाच कुणाच्या तरी घरी पोचला असेल, हे त्यांच्या पहिल्यांदाच मनात आलं.

"मग आभार मानू तरी कुणाचे?" त्यांनी विचारलं.

तारीखताई पहिल्यांदाच मोकळ्या हसल्या. "हप्ता वेळेवर भरा. आणि पत्रक दहा तारखेच्या आत."

उतरताना वहिनींनी हे बोलणं जिन्याच्या वळणावर थांबून मालकांना पाठीवर बोटाने अक्षरं काढून, हातवारे करून समजावलं, कारण पाटी घरी राहिली होती. मालकांनी मान हलवली.

काकाचा कारभार कोर्टाने मिटवला. घेणेकऱ्यांना थोडं थोडं मिळालं, त्यातला विमा कंपनीचा वाटा कंपनीकडे गेला आणि वहिनींचे स्वतःचे जे दहा टक्के बुडाले होते, त्यातले काही त्यांच्याकडे परत आले. त्यांनी ते पैसे स्वतःकडे ठेवले नाहीत. काकाकडून पत्ता मागवला आणि दोर वळणाऱ्याच्या मुलीच्या शाळेत भरले. मालकांनी विचारलं नाही आणि वहिनींनी सांगितलं नाही, पण पैसे पाठवायचा फॉर्म मालकांनीच टपालात टाकला होता.

बंदरामागच्या गल्लीत सायकली जोडणाऱ्याने पुढच्या वर्षी पुन्हा घंट्या मागवल्या. ऑर्डरचा कागद आला तेव्हा वहिनींनी अक्षर ओळखलं. सायकली जोडणाऱ्याने काकाला माल तपासायला आणि पत्रं लिहायला ठेवून घेतलं होतं. ऑर्डरच्या खाली काकाने लिहिलं होतं, की नवा मालक साठ दिवसांची उधारी मागतो आहे, चांगला माणूस आहे, तरी वहिनींनी विमा काढावा.

त्या महिन्याचं पत्रक वहिनींनी तीन तारखेला लिहून ठेवलं. चार तारखेला त्यांनी पाहिलं, तर ते टेबलावर नव्हतं. मालकही मशीनवर नव्हते. मिस्त्री म्हणाले, "दादा सकाळीच गेले. म्हणाले, कार्यालय उघडायच्या आधी जिन्यात जाऊन उभा राहतो."